आधी कोणाचे पाकीट?

गेल्या पावसाळ्यातील एका शनिवारची गोष्ट सांगतो. पूर्णा तालुक्यातील ताडकळस हे माझे गाव. मी भौतिकशास्त्र शिकवतो ते महाविद्यालय गावापासून काही अंतरावर आहे. गावातील नववी-दहावीच्या मुलांसाठी महिन्यातून एका शनिवारी आम्ही संगणकावरून पाठ घेतो. मुले ताडकळसला एका खोलीत पडद्यासमोर बसतात आणि मी इकडे प्रयोगशाळेत उभा राहतो. त्या दिवशी विषय होता प्रतिध्वनी. पाच-सात मिनिटे बरी गेली आणि मग तिकडून एक मुलगा ओरडला, "सर, तुमचा आवाज तुटायलाय!" मी वाक्य पुन्हा म्हटले. पुन्हा तुटले. तिसऱ्या खेपेस मागच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली, "सर, प्रतिध्वनी कळाला, पण ध्वनीच येईना." सगळे हसले. मीही हसलो, पण पाठ बुडाला तो बुडालाच.

आमच्या लाइनीचा बाहेर पाठविण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट, म्हणजे १ कोटी बिट आहे. संध्याकाळी सारे घरी गेल्यावर मोजून पाहिला, तर तो पुरता १० भरला. आणि माणसाच्या आवाजाला लागते किती? साध्या दूरध्वनीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. लाइनीच्या मानाने हे नदीतून तांब्याभर पाणी काढण्यासारखे झाले. मग आवाज का तुटावा?

याचे उत्तर शोधताना जे दिसले त्यावरून माझे एक मत बनले आहे. ते तुमच्यापुढे आणि तुमच्या शिक्षकांपुढे मांडावे म्हणून हा लेख. पण मत सांगण्याआधी थोडे गणित करू, कारण गणिताशिवाय या विषयात नुसता वाद होतो.

संगणकांच्या जाळ्यातून जाणारी प्रत्येक गोष्ट, मग ती आवाज असो, चित्र असो की अर्ज, लहान लहान पाकिटांत तोडून पाठविली जाते. प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे बोलणे एका पाकिटात बसते, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटे निघतात. एका पाकिटात आवाजाचे १६० बाइट आणि पत्त्याबित्त्याचे ४० बाइट, मिळून २०० बाइट धरा. २०० ला ८ ने गुणले की १६०० बिट आणि त्याला ५० ने गुणले की सेकंदाला ८०,००० बिट. लाइनीचा शंभरावा भागसुद्धा नाही.

परंतु त्याच वेळी आमच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या अर्जांबरोबरची कागदपत्रे चढविण्याचे काम चालू होते. उत्पन्नाचे दाखले, गुणपत्रके, बँकेची पासबुके अशा चित्रांचा गठ्ठा लाइनीवर जात होता. असा गठ्ठा पाठविणारा संगणक मोकळी जागा मिळेल तेवढी व्यापतो. लाइन भरली की जास्तीची पाकिटे फेकून न देता रांगेत उभी केली जातात. या रांगेच्या जागेत २,५०,००० बाइट मावतात असे समजा. म्हणजे २० लाख बिट. १ कोटी बिटांची लाइन ते बाहेर काढायला २०० मिलिसेकंद घेणार. माझ्या आवाजाचे इवलेसे पाकीट या रांगेच्या शेपटाला येऊन उभे राहिले की त्याला २०० मिलिसेकंद थांबणे आले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे बोलणे सुखाने चालायचे असेल तर तोंडापासून कानापर्यंतचा एकूण विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. आमचा तर घराच्या उंबरठ्यावरच संपला! शिवाय रांग कधी लांब, कधी आखूड. पाकिटे सारख्या अंतराने निघाली तरी सारख्या अंतराने पोहोचत नाहीत. फार उशिरा आलेले पाकीट तिकडचा संगणक टाकून देतो, कारण त्यातील अक्षराची वेळ निघून गेलेली असते. 'आवाज तुटायलाय' तो असा.

आता पूर्णा जंक्शन डोळ्यांसमोर आणा. परभणीकडून, नांदेडकडून आणि अकोल्याकडून येणारे मार्ग इथे मिळतात. आमच्या भागातील प्रत्येक मुलाने मालगाडी बाजूच्या लाइनीवर उभी करून एक्सप्रेस पुढे काढलेली पाहिली आहे. मालगाडीत सिमेंट असेल, तासभर उशीर झाल्याने ते नासत नाही. एक्सप्रेसमधील माणसांची पुढची गाडी चुकते. स्विचमध्येही हेच करता येते. स्विच म्हणजे अनेक संगणकांच्या तारा जिथे एकत्र येतात ती पेटी. तिच्या बाहेर जाणाऱ्या दाराशी एकाऐवजी दोन-तीन रांगा करायच्या आणि आवाजाच्या रांगेत कोणी उभे असेल तर आधी त्याला सोडायचे.

तरी थोडे थांबावे लागतेच. मालगाडी एकदा पुढच्या खंडात शिरली की एक्सप्रेस कितीही महत्त्वाची असो, तो खंड मोकळा होईपर्यंत सिग्नल पडत नाही. तसेच कागदपत्राचे एखादे मोठे पाकीट तारेवर निघून गेले असेल तर ते मध्येच थांबविता येत नाही. मोठ्यात मोठे पाकीट साधारण १५०० बाइटांचे, म्हणजे १२,००० बिट. १ कोटीने भागा. १.२ मिलिसेकंद! कुठे २०० आणि कुठे १.२. लाइनीवर एक पैसाही जास्त खर्च न करता.

स्विचला कसे कळावे की हे पाकीट आवाजाचे आहे? त्यासाठी पाकिटावर खूण करतात. इंटरनेटच्या पाकिटाच्या मथळ्यात १९८१ सालच्या मूळ नियमांपासूनच यासाठी एक बाइट राखून ठेवलेला आहे. तेव्हा त्यातील ३ बिट अग्रक्रमासाठी होते, म्हणजे शून्य ते सात अशा आठ पायऱ्या. १९९८ मध्ये नियम बदलले आणि ६ बिट या कामी लावले गेले, म्हणजे ६४ खुणा शक्य झाल्या. आवाजासाठी रूढ झालेली खूण आहे ४६. हा आकडा द्विमान पद्धतीत लिहून पाहा: १०१११०. पहिले तीन अंक १०१, म्हणजे ५. फक्त पहिले तीन बिट वाचणाऱ्या जुन्या यंत्रालाही हे पाकीट वरच्या पायरीचे दिसते. जुन्याशी नाते न तोडता नवे आणण्याची ही हातोटी मला फार आवडते. इमारतीतल्या इमारतीत स्विच ते स्विच जाताना पाकिटावर आणखी एक चार बाइटांची चिठ्ठी लावता येते. तिच्यातही ३ बिट अग्रक्रमाचे असतात.

आम्ही हे सारे केले. मी आणि आमचे प्रयोगशाळा सहायक एका रविवारी स्विचसमोर बसलो. पाठाच्या संगणकावरून निघणारी आवाजाची पाकिटे ओळखायची, त्यांवर ४६ ची खूण घालायची, ती खूण दिसली की पहिल्या रांगेत टाकायचे, अशा आज्ञा दिल्या. मग एका संगणकावरून मोठी फाइल पाठवीत ठेवली आणि बोलून पाहिले.

काही फरक नाही. आवाज पूर्वीसारखाच तुटत होता.

सहायकांनी आज्ञा पुन्हा तपासल्या. बरोबर होत्या. खुणाही पडत होत्या. दुपारी जेवताना माझ्या डोक्यात उजेड पडला आणि स्वतःचीच लाज वाटली, कारण हा तर वाहत्या पाण्याचा साधा प्रश्न होता. आमच्या स्विचचे बाहेरचे दार सेकंदाला १००० मेगाबिटचे आणि पुढची लाइन १० मेगाबिटची. दार एवढे रुंद असल्यावर दाराशी रांग लागणारच कशाला? रांग लागत होती पुढे, लाइन पुरविणाऱ्याच्या लहानशा डबीत. त्या डबीला आमच्या खुणा वाचायला कोणी शिकविले नव्हते. जिथे गर्दीच नाही तिथे आम्ही ऐटीत शिट्टी घेऊन उभे होतो आणि तुंबलेला चौक पुढेच होता.

उपाय सोपा आहे, पण ऐकायला उलटा वाटतो. आपल्या दाराला मुद्दाम लगाम घालायचा. लाइन १० ची, तर स्विचमधून ९ मेगाबिटच सोडायचे. आता पुढच्या डबीत तुंबत नाही, आपल्याकडेच तुंबते, आणि आपल्याकडच्या रांगेवर आपली हुकमत चालते. दहावा भाग वेग सोडला आणि आवाज स्वच्छ झाला. शिक्षकांना माझी विनंती आहे की आपल्या शाळेत कोणी 'अग्रक्रमाची सोय केली आहे' असे म्हणाले तर एकच प्रश्न विचारा: रांग कुठे लागते? उत्तर देता आले नाही तर ती सोय कागदावरच आहे असे समजा. हेही लक्षात असू द्या की बाहेरून आत येणाऱ्या पाकिटांची रांग पुरवठादाराकडे लागते आणि तिच्यावर आपल्या खुणांचा इलाज फारसा चालत नाही.

इथवर विज्ञान झाले. आता मताकडे येतो.

पाठ पुन्हा सुरू झाल्याची बातमी पसरली आणि आठवडाभरात माझ्याकडे मागण्या येऊ लागल्या. आमच्या विभागालाही ती खूण द्या. ग्रंथालयालाही द्या. यात नवल नाही. एका संस्थेत तर, नाव सांगत नाही, मी असे पाहिले आहे की सर्वांत वरची खूण खोलीला दिलेली होती. सर्वांत मोठ्या खुर्चीच्या खोलीतून जे काही निघेल, मग तो लग्नाचा व्हिडिओ का असेना, ते पहिल्या रांगेत. आणि त्याच वेळी शेजारच्या वर्गात दूरच्या व्याख्यात्याचा आवाज गुदमरत होता.

मागणी करणाऱ्यांना वाटते की खूण दिल्याने सर्वांचेच भले होईल. तसे होत नाही. लेनर्ड क्लाइनरॉक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये रांगांविषयीचा एक अक्षय्यतेचा नियम मांडला. तुम्ही ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकला आहात, हा त्याचा चुलतभाऊ समजा. ढोबळ मानाने नियम असा: प्रत्येक प्रकारच्या पाकिटांचा सरासरी थांबण्याचा वेळ घ्या, लाइनीतील त्यांच्या वाट्याने त्याला गुणा आणि बेरीज करा. तुम्ही रांगेचा क्रम कसाही लावा, बेरीज तीच राहते. एकाचे थांबणे कमी केले की दुसऱ्याचे वाढलेच पाहिजे.

आमच्या आकड्यांवर हा नियम लावून पाहू. आवाजाचा वाटा शेकडा १ धरा. त्याचे थांबणे २०० वरून सुमारे १ मिलिसेकंदावर आले, तर उरलेल्या शेकडा ९९ पाकिटांचे थांबणे २०० वरून सुमारे २०२ वर जाते. कागदपत्रे चढविणाऱ्या कारकुनाला हे दोन मिलिसेकंद जन्मात कळणार नाहीत. हा सौदा उत्तम आहे. आता समजा सर्वांना खूश करण्यासाठी निम्म्या पाकिटांवर वरची खूण मारली. मग खूण नसलेल्या निम्म्यांचे थांबणे ४०० च्या आसपास जाईल, आणि खूण असलेली पाकिटे आपापसांत रांग लावतील ती वेगळीच. सर्वांवर खूण मारली की आपण पुन्हा जिथे होतो तिथे, म्हणजे २०० वर. फक्त मधला एक रविवार वाया. अग्रक्रम थोड्यांना दिला तरच तो अग्रक्रम राहतो. पहिल्या रांगेला लाइनीच्या एक तृतीयांशाहून जास्त वाटा कधीच मिळू नये, अशी मर्यादा स्विचमध्येच घालून ठेवावी, असे माझे मत आहे. आमच्याकडे तर दहावा भागही पुरला.

मग हे थोडे कोण? माझे उत्तर: उशिराने ज्याचे काम नासते तो. पाठविणारा कोण आहे हे पाहूच नये. प्राचार्यांचे बोलणे आणि नववीतल्या मुलीचा प्रश्न यांचे आवाजाचे पाकीट २०० बाइटांचेच असते आणि दोघांच्याही शब्दांची वेळ सारखीच निघून जाते. आपल्या देशात १ मे २०१७ पासून मान्यवरांच्या मोटारींवरचे लाल दिवे उतरविण्यात आले आणि रुग्णवाहिका, अग्निशामक अशा तातडीच्या गाड्यांचे दिवे राहू दिले. रस्त्यावर जे आपण मान्य केले ते तारेवर मान्य करायला काय हरकत आहे?

दुसरा मुद्दा, खूण मारायची कोणी? पाठविणाऱ्या संगणकालाही आपल्या पाकिटावर खूण मारता येते. इथेच मेख आहे. मालगाडीच्या चालकाने इंजिनावर 'एक्सप्रेस' असे खडूने लिहिले म्हणून त्याला सिग्नल मिळत नाही; कोणती गाडी आधी काढायची ते नियंत्रक ठरवितो. स्विचनेही तसेच करावे. पाकीट आत शिरते त्या पहिल्या दाराशीच आलेली खूण पुसून टाकावी आणि आपल्या यादीप्रमाणे नवी मारावी. एकदा आत आल्यावर मग सर्व स्विचनी त्या खुणेवर विश्वास ठेवावा.

याबाबतीत इतिहासातील एक गमतीदार गोष्ट आहे. १९८७ च्या सुमारास अमेरिकेतील विद्यापीठांना जोडणारे एन.एस.एफ.नेट हे जाळे सेकंदाला अवघ्या ५६,००० बिटांच्या लाइनींवर चालत होते. दूरच्या संगणकावर टंकलेखन करणाऱ्या लोकांना एकेक अक्षर उमटायला ताटकळावे लागे, कारण मोठमोठ्या फाइली रांग अडवून बसत. डेव्हिड मिल्स यांनी रचलेल्या 'फझबॉल' नावाच्या यंत्रांवर हे जाळे चाले. त्यांत टंकलेखनाच्या पाकिटांना गुपचूप वरची रांग दिली गेली. गुपचूप अशासाठी, की लोकांना कळले असते तर जो तो आपल्या फाइलीवर तीच खूण मारून बसला असता! १९८८ मध्ये १५ लाख बिटांच्या लाइनी आल्या आणि ती निकड संपली.

मिल्स यांची अडचण मला समजते, पण आपण गुपचूप काही करू नये. खूण दाराशी मारली जात असेल तर लपविण्याची गरजच उरत नाही. कोणाला कोणती रांग आणि का, हे एका कागदावर लिहून सूचनाफलकावर लावावे. ज्याला पटत नसेल त्याने येऊन भांडावे.

एन.एस.एफ.नेटच्या गोष्टीतून तुम्ही एक हरकत नक्की घ्याल: मग मोठी लाइनच का घेऊ नये? घ्यावी, परवडत असेल तर अवश्य घ्यावी. रोज दिवसभर रांग लागत असेल तर तिथे अग्रक्रम म्हणजे फाटक्या सदऱ्याला अत्तर लावणे आहे. पण फाइल पाठविणारा संगणक मोठी लाइनही काही क्षण भरून टाकतोच, आणि आवाज नेमका त्या क्षणांत तुटतो. खूण न मारताही प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने संधी देण्याच्या युक्त्या आहेत. १९८९ मध्ये डेमर्स, केशव आणि शेंकर या तिघांनी तशी एक रीत तपशिलाने मांडली. त्यातील एस. केशव हे आपले भारतीय. अशी सोय असलेली पेटी मिळाली तर माझ्या यादीची निम्मी कटकट वाचेल हे मी कबूल करतो. आमच्या स्विचमध्ये ती नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मी बोलतो आहे ते आपल्या आवारातील जाळ्याविषयी. आवाराच्या फाटकाबाहेर आपली खूण सहसा पुसलीच जाते, आणि ते बरेच आहे. तुमच्या आजोबांना विचारा. ट्रंक कॉलच्या काळात साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉल असत. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. ज्याच्या खिशात पैसे त्याचे बोलणे आधी लागे. इंटरनेटवर कंपन्यांनी पैसे घेऊन कोणाची पाकिटे पुढे काढावीत काय, हा वाद आपल्याकडेही झाला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली आणि २०१८ मध्ये सरकारने भेदभाव न करण्याचे तत्त्व मान्य केले. गर्दी आवरण्याच्या वाजवी उपायांना आणि तातडीच्या सेवांना त्यात वाव ठेवला आहे. सार्वजनिक रस्त्यावर हे तत्त्व हवेच. आवारात मात्र लाइन आपण सर्वांनी मिळून घेतलेली असते आणि तिचा क्रमही सर्वांनी मिळून ठरवावा.

आमच्या यादीची पहिली परीक्षा लवकरच झाली. शिष्यवृत्तीच्या अर्जांचा शेवटचा दिवस पाठाच्या शनिवारीच आला. कार्यालयातील कारकून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, तुमचा आवाज एक दिवस तुटला तर पुढच्या शनिवारी बोलाल. अर्ज राहिला तर पोराचं वर्ष जाईल." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. माझ्या कसोटीत 'उशिराने नासणारे काम' म्हणजे मिलिसेकंदांचा उशीर होता. त्यांचा उशीर तासांचा होता आणि त्यात नासणारे काम माझ्या पाठापेक्षा मोठे होते. आम्ही दोघे स्विचसमोर बसलो. अर्जांना पहिली रांग देऊन उपयोग नव्हता, कारण त्यांना घाई मिलिसेकंदांची नव्हतीच. त्यांना हवा होता न हलणारा वाटा. म्हणून दुसरी रांग केली आणि दुसरे कोणी कितीही गर्दी केली तरी ९ पैकी ६ मेगाबिट तिच्यासाठी राखून ठेवले. माझे चित्र बंद केले, नुसता आवाज ठेवला. बाकी सर्वांनी उरलेल्यात भागवायचे. सूचनाफलकावरच्या कागदात तशी एक ओळ वाढविली आणि खाली दोघांनी सह्या केल्या.

तुमच्या शाळेतही हे मोजून पाहता येईल. एका संगणकावर 'पिंग' ही आज्ञा चालू ठेवा. पाकीट जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले ते ती दर सेकंदाला दाखविते. वीस आकडे वहीत लिहा. मग दुसऱ्या संगणकावरून एखादी मोठी फाइल पाठवायला लावा आणि पुन्हा वीस आकडे लिहा. दोन्हींचा आलेख काढा. दुसरा आलेख डोंगरासारखा वर गेला तर तुमच्याकडे रांग आहे. ती कुठे लागते ते शोधायला मग तुमच्या शिक्षकांना बरोबर घ्या.